शेंगदाण्यांसाठी दाजींना चोर ठरवलं

मंडळी, सायबर कॅफेत येऊन लिहितोय. घरात बायको बोलत न्हाय.

आज दुपारी दाजी, म्हणजे थोरल्या ताईचे मालक, आम्हाला पोकर शिकवत होते. शेंगदाणे लावून. दोन पानं आपली, मधली पाच सगळ्यांची. मी कुठला ऐकतोय? तीनपत्तीत मुरलेला माणूस!

माझ्या हातात राजा, मध्ये राजा. दाजींनीही हातातल्या राजाला तोच मधला राजा धरून जोडी केली, वर हातातला एक्का दाखवून डाव उचलला.

मी ओरडलो, "तो राजा माझ्या जोडीतला हाय की! आमच्याच घरात फसवता व्हय?"

ताईनं मान खाली घातली.

दाजी म्हणाले, "चुकलं. मीच नीट सांगितलं न्हाय."

आणि मी मान डोलावली हो! चहा न घेताच दोघं गेली. आता इथं नेटवर नियम वाचला, मधला राजा दोघांनाही चालतो; चूक माझीच हाय!

बाजूलाच पीसीओ हाय. ताईनं फोन उचलला तर पहिलं काय बोलू?