कोपऱ्यातले सप्तर्षी

गोठ्याच्या छतावरून वाइड लेन्सनं मी अख्ख्या आभाळाचा फोटो काढला आणि सकाळी पट्टी लावून ताऱ्यांमधली अंतरं मोजली. कोपऱ्यातल्या सप्तर्षींची शेपटी ताऱ्यांच्या छापील नकाशापेक्षा बरीच लांब भरली. तीनदा मोजली. मग नकाशाच चुकीचा ठरवून मी छापणाऱ्याला खरमरीत पत्र लिहायला बसलो.

चहा ठेवता ठेवता बायकोनं फोटो पाहिला. "कोपऱ्यातलं ताणूनच येते. मधातले तारे मोजा."

"तुले काय माहीत?"

तिनं भिंतीवरच्या आमच्या लग्नाच्या ग्रुप फोटोकडे बोट दाखवलं. त्यात कडेला उभी असलेली माझी आत्या दुप्पट रुंद दिसते. फोटो पाहून आत्यानं त्यात नेसलेली, आम्ही आहेरात दिलेली साडी परत पाठवली होती.

"त्यायनं साडीले दोष देल्ला, तुमी नकाशाले. खानदान एकच."