शेवटच्या मेंढीचा सिग्नल

रस्ता कसा ओलांडावा हे साऱ्या बारामतीत फक्त माझ्या मामाला कळतं. बाकी आपण सगळे नशिबानं पलीकडं पोचतो. हे मी भाचा म्हणून सांगत नाही, मामा स्वतःच सांगतो. त्याची निम्मी हयात मेंढरांमागं गेली. पुढं मेंढरं विकून सांगवीला शेती धरली, पण राखण काही सुटली नाही. लग्नाच्या पंगतीत शेवटच्या पानावर भात पडेपर्यंत मामा घास उचलत नाही. एसटीतून उतरला की कुणी मागं राहिलं का बघायला परत चढतो. एकदा तेवढ्यात कंडक्टरनं घंटी मारली आणि मामा थेट इंदापूरला! तिथून त्याचा फोन आला, "सगळी उतरली न्हवं?"

आमच्या चौकात नवा सिग्नल बसला, चालणाऱ्या हिरव्या माणसासकट. पण तो माणूस फारच घाईचा. माझ्या आईचा, म्हणजे मामाच्या आक्काचा, गुडघा धरलेला. ती निम्म्या रस्त्यात पोचेतो दिवा लाल व्हायचा आणि चारी बाजूंनी हॉर्न. एकदा मोटारसायकलच्या हँडलला पिशवी अडकून ती पडता पडता वाचली, आणि त्या दिवसापासून तिनं पलीकडच्या मंडईचं नावच टाकलं. जन्मभर स्वतः भाजी निवडणारी बाई घरात बसून मी आणलेल्या भाजीला नावं ठेवू लागली. मामाच्या हे जिव्हारी लागलं.

त्यानं पहिला उपाय केला तो आपल्या धंद्यातला. उसाच्या ट्रॅक्टरसमोर काठी आडवी धरून "हुर्र्र" केलं. ट्रॅक्टर थांबला, आणि मागं सगळं गावच थांबलं. पोलीस धावत आला. "आबा, ही मेंढरं न्हाईत!"

"तेच तर दुखणं हाय. मेंढरं असती तर गुमान थांबली असती."

मग मामा सिग्नलचं काम बघणाऱ्या साहेबांकडं गेला. साहेब म्हणाले, "आबा, आमच्या शिपायाला चालायला लावून वेळ ठरवलीय." मामानं त्या तरण्याताठ्या शिपायाला आपादमस्तक न्याहाळलं. "साहेब, ह्यो तर म्होरक्या. कळपाची येळ म्होरक्यावर धरत न्हाईत. शेवटाला लंगडत येती ना, त्या मेंढीवर धरत्यात. एकदा माझ्या आक्काचा हात धरून चाला."

ब्याद टळावी म्हणून साहेब तयार झाले. आईला मिनतवाऱ्या करून आणली. "मला लंगडी मेंढी म्हनतोस व्हय रं?" असं मामाला म्हणत तिनं साहेबांचा हात धरला. मधोमध पोचले आणि दिवा लाल! इकडून ट्रक, तिकडून रिक्षा, साहेबांचा एक हात आईच्या हातात, दुसरा वर. साहेबांना घाम फुटला. आई त्यांना म्हणाली, "भिऊ नगा साहेब, मी हाय."

आठवड्यात वेळ वाढली. साहेबांनी मनाचा मोठेपणा दाखवला, मधे टेकायला कठडाही बांधून दिला. पहिल्या दिवशी आई एकटीच निघाली. मी सोबत जाऊ लागलो तर मामानं माझं मनगट धरलं. आई सावकाश, ऐटीत, कठड्याकडं ढुंकूनही न बघता पलीकडं पोचली, आणि दिवा अजून हिरवाच! असा अभिमान मला माझ्या नोकरीच्या ऑर्डरीचाही वाटला नव्हता. पलीकडं आईनं भाजीवालीशी भांडण सुरूही केलं.

"मामा, चला की आता."

मामा जागचा हलला नाही. "कळप गेला रं समदा," तो हळूच म्हणाला. "येक आक्का तेवढी राह्यली. ती पोचली बघ."