रतनबाईंच्या मुंग्या

आंदर मावळातल्या पठारावर रतनबाईंच्या म्हशी चरतात. तिथंच पुण्याच्या कॉलेजातल्या राजेश्वरीताईंनी प्लास्टिकचे ग्लास जमिनीत तोंडापर्यंत पुरले, आत साबणाचं पाणी. चालता चालता पडतील ते किडे महिन्याकाठी मोजायचे. उंचावर ऊन वाढतंय, माती लवकर सुकतेय, तर मातीतले जीव टिकतात की जातात, ते बघायचं होतं. म्हशींना लांब ठेवायचं आणि आटलेलं पाणी भरायचं, एवढं काम रतनबाईंकडं.

रतनबाईंच्या गळ्यात माळ. बुडालेला पहिला वाणी किडा बघितला आणि त्यांना भाकरी गोड लागेना.

"तू ढकललास व्हय त्याला?" नवरा हौशीराम म्हणाले.

"न्हाई. पन पानी मीच वततीया न्हवं?"

एकादशीला त्यांना तोड सापडली. आईनं शिकवलेलं, मुंग्यांना पीठ-साखर घातली की पाप हलकं होतं. त्यांनी ग्लासांच्या कडेलाच चिमूट चिमूट घातली. पाप जिथं, फेड तिथंच.

महिना भरला. ताईंनी ग्लास काढले, तर आत मुंग्यांचा काळा थर.

"मावशी, एवढ्या मुंग्या इथं कधीच नव्हत्या. उन्हानं वाढल्या वाटतं." ताई रेंज मिळते त्या खडकावर चढल्या आणि कॉलेजातल्या सरांना फोन लावला.

रतनबाईंनी ग्लासात डोकावलं. एका वाणी किड्याच्या पापापायी वारुळंच्या वारुळं बुडवली होती. बोलावं तर ताईंचा आनंद मोडणार, गप्प बसावं तर पाप पदरात राहणार.

"ताई, ते ऊन न्हाई. ते पीठ हाय."

"कसलं पीठ?"

"गव्हाचं. साखर घालून."

ताई खडकावरच बसल्या. फोनमधून सर विचारत राहिले, "हॅलो, कशामुळे वाढल्या म्हणालात?"

शेवटी या खेपेच्या मुंग्या बाद झाल्या. "पण मागच्या खेपांपेक्षा वाणी आणि गोमी मात्र खरंच घटल्यात," ताई म्हणाल्या. "त्यांना कुणी पीठ घातलं नव्हतं. आता तुमचं पीठ पार पलीकडच्या टेकाडावर घाला."

"आन ह्या बुडाल्या त्यांचं?"

"त्या पोटभर जेवून गेल्या," हौशीराम म्हणाले.

पुढच्या एकादशीला उपाशीपोटी, पिठाची पुरचुंडी घेऊन रतनबाई टेकाड चढत होत्या. मागनं हौशीराम ओरडले, "आगं, जवळ कुटं मुंग्या न्हाईत व्हय?"

"हायेत की," त्या न थांबता म्हणाल्या. "पन जवळच्या जवळ फेडायला गेले, तवाच तर वाढलं."