गौरीच्या पावलांना लागलेला गाळ

आमच्याकडे गौरी खड्यांच्या. पाणवठ्यावरून सात खडे उचलून ताम्हनात ठेवायचे आणि मुक्याने, मागे वळून न पाहता घरी आणायचे. खडे आणणारीबरोबर दुसरीने घंटा वाजवायची. पेशवाईत पूर्वज पौरोहित्याला झाशीत आले, तेव्हापासून हे चालू आहे. लक्ष्मी गेटच्या आमच्या गल्लीत लोक त्याला ‘मराठी लोगों की पत्थर पूजा’ म्हणतात. पूर्वी खडे गावातल्या लक्ष्मी तालातून, म्हणजे तळ्यातून यायचे. तिथलं पाणी हातात घेववेना, तेव्हा सासूबाईंनी शहराबाहेरचा, टेकड्यांमधला एक ताल निवडला.

तो ताल मला फार आवडायचा. काठाला गवत, उथळ पाण्यात शिंगाड्याचे वेल, आणि आपण जवळ गेलो की टिटव्या नुसता कालवा करायच्या. मग तिथे विजेचा प्रकल्प आला. दिवसा तालातलं पाणी पंपांनी टेकडीवरच्या नव्या जलाशयात चढवायचं आणि संध्याकाळी ते खाली सोडून वीज करायची. म्हणजे ताल रोज आटतो आणि रोज भरतो. अशा पाण्यात वेल मूळ धरत नाहीत, मासे काठाशी अंडी घालत नाहीत, टिटव्याही गेल्या. गवताच्या जागी राखाडी गाळाचा रुंद पट्टा उरला, आणि त्यात उतरायची मला भीती वाटायची. मी तसं म्हटलं की घरात सगळे मला भित्री म्हणायचे.

गेल्या वर्षी खडे आणायला माझी मुलगी गेली. कॉलेजात शिकते, मराठी समजतं सगळं, बोलते अर्धं हिंदीत. दुपार कलली होती. माझ्या गुडघ्यांना गाळ झेपेना, म्हणून मी वरच थांबले. ती गाळ तुडवत पार पाण्यापर्यंत गेली, खडे घेऊन वळली, तशी मी घंटा वाजवायला लागले. घंटा ऐकली की सावकाश, मान खाली घालून चालायचं, हे तिला लहानपणापासून ठाऊक.

तेवढ्यात तिच्या मागचं पाणी हललं. लाट नाही, आवाज नाही. गाळाचा पट्टा नुसता अरुंद होत चालला होता. बाजूचे खळगे भरले, आणि पाणी तिच्या टाचांच्या दिशेने सरकू लागलं.

“मागे बघ!” मी ओरडले.

ती हसली. कारण ही आमची जुनी थट्टा. लहानपणी ती खडे आणताना मी मुद्दाम म्हणायची, मागे बघ, माकड आलं. ती कधीच फसायची नाही आणि घरी येऊन आजीकडून शाबासकी घ्यायची. मी पुन्हा ओरडले, तशी ती आणखीच ताठ चालायला लागली. पाणी तिच्या घोट्यांना लागलं, पण गाळ आधीच ओला, तिला वेगळं काही जाणवत नव्हतं.

मी घंटा गाळात फेकून दिली. देवाची घंटा आमच्याकडे कुणी जमिनीवर टेकवतसुद्धा नाही. मुलगी थबकली आणि माझा चेहरा बघून पहिल्यांदाच मागे वळली. मग ताम्हन छातीशी धरून पळत सुटली. एक पाय रुतला, चप्पल गेली, गुडघ्यापर्यंत पाणी आलं, आणि मी हात धरून तिला वर ओढलं. घंटा मात्र पाण्याखाली गेली.

प्रकल्पाच्या चौकीदाराशी मी भांडले. तो म्हणाला, “भोंपू तो बजा था, आंटीजी.” पाणी सोडण्याआधी वाजवतात तो भोंगा वाजलाही असेल. मी घंटा वाजवत होते.

गाडीतही तिने ताम्हन छातीशीच धरलं होतं. दारात सासूबाई दूधपाणी घेऊन उभ्या होत्या. रीतीप्रमाणे त्यांनी विचारलं, “गौर कशाच्या पावलांनी आली?”

सोन्याच्या, असं उत्तर द्यायचं असतं.

“गाळाच्या, आजी,” ती म्हणाली. “पानी पीछे से आया. मला कळलंच नाही.”

सासूबाईंनी खाली बसून तिचे पाय धुतले. राखाडी पाणी उंबऱ्यावरून, कुंकवाच्या पावलांवरून वाहत गेलं. त्यांनी तिचा घोटा कितीतरी वेळ सोडला नाही.

तिसऱ्या दिवशी खडे त्याच पाण्यात परत सोडायचे असतात.

“विसर्जनाला ही जायची नाही,” त्या म्हणाल्या. मग कोण जाणार, हे त्यांनी विचारलं नाही. मी उंबऱ्याबाहेरच उभी होते, आणि जायचं आता मलाच होतं.