मंगळाचा घेर

शिवणाच्या बाईंनी मंगळावरच्या टेकड्यांची मापं घेतली, आणि त्या दिवसापासून त्यांच्या घरात कुणाला म्हणून शांतता मिळाली नाही. 'कुणाला' म्हणजे त्यांच्या धाकट्या जावेला. घरात दोघीच होत्या. दोघींचे नवरे, सख्खे भाऊ, मागेपुढे गेले आणि उरल्या दोघी जावा, एक शिलाई मशीन आणि रोजची कुरबुर.

बाईंनी उभा जन्म शिवणक्लास चालवला. अर्ध्या गावाच्या पोरी त्यांच्या हाताखालून गेल्या. चुकलेली शिवण त्या दारातूनच ओळखत आणि चारचौघींत उसवायला लावत. मग तयार कपड्यांची दुकानं झाली, पोरी येईनाशा झाल्या आणि बाईंनी क्लासची पाटी उतरवून पलंगाखाली ढकलली. त्यानंतर त्या गप्पच झाल्या. भाजी अळणी झाली तरी गप्प, दूध उतू गेलं तरी गप्प. नुसत्या भिंतीकडे बघत बसायच्या.

अशात बटणांच्या पुडीभोवती गुंडाळलेला साप्ताहिकाचा कागद घरात आला. दुसऱ्या दिवशी तो मशीनवर पडलेला बाईंना दिसला. त्यावर मंगळाचा फोटो होता, फोटोत पाच टेकड्या. खाली लिहिलं होतं, हे पिरॅमिड आहेत असं काही लोक मानतात, शास्त्रज्ञ मानत नाहीत. बाईंनी खूप वेळ पाहिलं आणि टेप काढली.

मापं घ्यायची तर नावं हवीत. बाईंनी आपल्या ओळखीची दिली: गळा, दोन खांदे, कंबर आणि घेर. गळ्यापासून घेरापर्यंतची उंची खांद्यांमधल्या अंतराने भागली आणि त्या ओरडल्या, "तीन पूर्णांक चौदा!"

"काय भाव?" धाकटीने स्वयंपाकघरातून विचारलं.

"भाव नाही, पाय! वर्तुळाचा घेर भागिले रुंदी. शाळेत काय शिकलीस?"

"आम्हाला मंगळ परीक्षेला नव्हता."

मग कंबर आणि खांद्याच्या हिशोबात दोनचं वर्गमूळ निघालं, आणि बाईंची खात्रीच पटली. ज्यांना घेर इतका अचूक कळतो, ती माणसं शिवणारीच असणार.

"मग त्यांचे कपडे कुठं गेले?" धाकटीने विचारलं.

"विटले असतील. किती वर्षं झाली!" बाईंनी ठणकावलं.

पोस्टमन, गॅसची शेगडी दुरुस्त करणारा, कुणीच सुटलं नाही. दूधवाला पिशवी उंबऱ्यावर ठेवून पळायला लागला. शेवटी वाचनालयाच्या ग्रंथपालांनी रविवारी बाईंचं व्याख्यानच ठेवलं. क्लास बंद झाल्यापासून त्यांना कुणी मानाने बोलावलं असं हे पहिलंच. आपण अजून अडगळीत गेलेलो नाही हे गावाला दाखवायचं, असं बाईंनी मनाशी धरलं आणि भाषण आरशापुढे घोकलं.

"जाऊबाई, व्याख्यान कशाला?" धाकटी म्हणाली. "मलाच सांगा की. मी ऐकते."

जळतेय मेली, बाईंना वाटलं.

रविवारी खुर्च्या भरल्या. जुन्या विद्यार्थिनी पोरंबाळं घेऊन आल्या. ग्रंथपालांनी हौसेने साप्ताहिकाच्या त्याच अंकाची करकरीत प्रत शोधून फळ्यावर लावली होती. "बाई, सगळ्यांसमोर मोजून दाखवा!"

बाईंनी ऐटीत टेप लावली. भागाकार ग्रंथपालांनी केला. "तीन पूर्णांक शून्य पाच."

"परत करा," बाई म्हणाल्या.

परत तेच. बाईंनी पर्समधला आपला कागद काढून मोजला. तीन पूर्णांक चौदा! मग त्यांनी दोन्ही फोटो एकावर एक धरले. रुंदीला सारखे, पण उंचीला बाईंचा सूतभर जास्त. ओलं करून, ओढून इस्त्री केली की असंच लांबतं, हे बाईंना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी पहिल्या रांगेत पाहिलं. धाकटी स्वतःच्या चपलांकडे बघत होती.

"ह्याला इस्त्री केलीस?"

"चुरगळला होता," धाकटी पुटपुटली. "जरासं पाणी मारलं."

अख्खं वाचनालय खदखदून हसलं. ग्रंथपालांनी तोंडावर रुमाल धरला. बाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"मंगळावर कुणी शिवत नव्हतं," एवढंच म्हणून त्यांनी टेप गुंडाळली आणि बाहेर पडल्या.

धाकटी मागून धावत आली.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्यापासून. इस्त्रीखाली लांबताना मीच पाहिला होता."

"आणि तोंडाला कुलूप? गावात हसं झालं माझं!"

धाकटी भर रस्त्यात थांबली. "तुम्ही बोलायला लागला होतात, जाऊबाई. पाटी उतरवल्यापासून घरात नुसता माझाच आवाज. मला भीती वाटायची. मग एक दिवस तुम्ही ओरडलात. मी म्हटलं, मंगळावर असेना का काहीही. आपण कशाला सांगा?"

बाई काहीच बोलल्या नाहीत. धाकटीचा चेहरा उतरला. "शिव्या द्या हवं तर," ती म्हणाली, "पण बोला."

बाईंना रडू येत होतं, आणि रस्त्यात रडणं त्यांना मंजूर नव्हतं. त्यांनी घसा खाकरला.

"ओल्याला ओढून इस्त्री करू नये, हे किती वर्षं सांगतेय तुला? ठेवायची आणि उचलायची! ढकलायची नाही! ती काय हातगाडी आहे? आणि कागदाला पाणी मारतं का कुणी? डोकं कुठं ठेवलं होतंस?"

कोपरा आला, वळण गेलं, घराचं कुलूप निघालं, तरी बाई बोलायच्या थांबल्या नाहीत. आणि धाकटी डोळे पुसत, शेजारून चालत, "हो जाऊबाई, हो जाऊबाई" म्हणत होती.