बेसमेंटखालचं वळण

अमेरिकेत नोव्हायला आमच्या शेजारी एक जपानी गृहस्थ राहायचे. गाड्यांच्या कंपनीतून रिटायर झालेले, बायको गेल्यापासून एकटे. घरात आम्ही त्यांना जपानी काका म्हणायचो. त्यांच्या किचनच्या भिंतीवर त्यांनी स्वतः काढलेला जपानमधल्या आपल्या गावच्या नदीचा नकाशा होता. देवदारांच्या डोंगरात उगम, आणि पायी अर्ध्या दिवसात समुद्र. इतकीच ती नदी. एके काळी तिच्यातून लाकडाचे ओंडके सोडायचे. पुढे पूर फार येतात म्हणून ती काँक्रीटच्या सरळ कालव्यात घातली, जुनं वळण बुजवलं आणि तिथे घरं बांधली. त्यातलंच एक काकांच्या आईवडिलांचं.

"पाऊस लागला की माझी धाकटी बहीण म्हणायची, जमिनीखाली कोणीतरी तांदूळ धुतंय," ते एकदा सांगत होते. "आम्ही हसायचो. मग एका दुपारी पाणी आलं. दारातून नाही, जमिनीतून. कालवा अर्धासुद्धा भरला नव्हता. ती आतल्या खोलीत झोपली होती."

एवढं बोलून त्यांनी माझ्या कपात चहा ओतला. पुढचं विचारायचा मला धीर झाला नाही.

त्या मार्चमध्ये बर्फ वितळायला लागलं आणि आमच्या बेसमेंटमध्ये ओल आली. आमची मुलगी तिथेच खोली करून राहत होती. प्लंबरला कुठे लीक सापडेना. बायकोने काकांना बोलावलं. त्यांनी गुडघे टेकले, जमिनीला कान लावला आणि बराच वेळ तसेच राहिले. मग मुलीकडून खडू मागून घेतला आणि वॉशिंग मशीनपासून तिच्या पलंगाखालून भिंतीपर्यंत एक वाकडी रेघ ओढली.

"इथे वळते ती."

"कोण?" मी विचारलं. त्यांनी खडू मुलीला परत दिला.

सोमवारी मी सिटीच्या ऑफिसात गेलो. तिथल्या बाईंनी घरं होण्याआधीचा प्लॅन काढून दिला. शेतातून एक ओढा जात होता. बांधकामाच्या वेळी तो पाइपात घालून वर माती टाकलेली. खडूच्या रेघेचा फोटो मी फोनवर उघडून प्लॅनशेजारी धरला. वळण तेच होतं.

बेसमेंटचं पाणी उपसायला एक पंप होताच, आम्ही दुसरा बसवला, ओल गेली. मुलीचा पलंग मात्र मी त्या सोमवारीच वर आणला.

"बट व्हाय, बाबा?" तिने कुरकुर केली.

उन्हाळ्यात काका मुलाकडे राहायला निघाले. सामान गाडीत ठेवता ठेवता मी विचारलं, "त्या दिवशी तुम्हाला नेमकं काय ऐकू आलं?"

त्यांनी गाडीचं दार उघडलं. "पाणी," म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता गाडीत बसले.