चंद्रव्वाच्या गाडीची बैठक

सोलापूरच्या बांधकाम खात्यात आराखडे काढण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. मी आखलेला एकही पूल कोणत्याही ओढ्यावर उभा राहिला नाही. याबद्दल मी वरिष्ठांकडे लेखी तक्रार केली असून ती अद्याप अनुत्तरित आहे. माझ्या हातचे एकच काम प्रत्यक्ष रस्त्यावर आले, आणि तेही खात्याचे नव्हते. ती चंद्रव्वाची भाजीची गाडी होती. ज्यांच्याविषयी मला काहीही तक्रार नाही अशी माणसे माझ्या ओळखीत फार थोडी आहेत. त्यांपैकी एकीविषयी लिहून ठेवावे, एवढाच या लेखनाचा हेतू.

चंद्रव्वा अक्कलकोट रस्त्यावरच्या एका लहान गावची. नवरा लवकर गेला. बहात्तरच्या दुष्काळात तिने सरकारी कामावर खडी फोडली. उडालेल्या कपचीचा व्रण तिच्या भिवईवर आजही आहे, आणि उजव्या हाताची बोटे तेव्हापासून पुरती मिटत नाहीत. पाऊसपाणी सुधारल्यावर भावाच्या विहिरीखालच्या वाफ्यांत ती अंबाडी, शेपू, चुका, तांदुळजा लावू लागली आणि पहिल्या एस.टी.ने पाटी शहरात आणू लागली. सकाळभर ती चौकातल्या फुटपाथवर बसे. उन्हे कलली की उरलेली पाटी डोक्यावर घेऊन विणकरांच्या गल्लीत शिरे. ती घरे तेलुगू बोलणारी, ही कानडी. अंबाडीला ही ‘पुंडी’ म्हणे, त्या बाया ‘पुंटिकूर’ म्हणत. परंतु त्या आंबट पाल्यावर दोन्हीकडच्यांचा सारखाच जीव होता.

तिचा एक नेम होता. उभ्याने ती कधी भाजी देत नसे. घेणाऱ्यासमोर बसावे, जुडी उलगडून दाखवावी, पाणी झटकावे आणि मग हातात द्यावी. उभ्याने दिलेली वस्तू भिक्षा टाकल्यासारखी होते, असे तिच्या आईने तिला सांगितले होते. माझ्या अनुभवाने सांगतो, सरकारी कचेऱ्यांत सर्व काही बसूनच दिले जाते आणि तरीही ते भिक्षेसारखेच वाटते. पण तो वेगळा विषय आहे.

पुढे शहर देखणे करण्याची लाट आली. फुटपाथवर बसून विकणाऱ्यांना बंदी झाली. विकायचे असेल तर फिरत विका, असा हुकूम निघाला. महानगरपालिकेच्या जमादाराने चंद्रव्वाची पाटी उचलून ट्रकमध्ये फेकली. ती थेट आमच्या दारात आली, कारण माझी पत्नी तिची जुनी गिऱ्हाईक.

“सायेब, एक अर्ज लिवून द्या की.”

“चंद्रव्वा, माझे स्वतःचे अर्ज कुठे धूळ खात पडले आहेत हे मला ठाऊक नाही. तुमचा कोण वाचणार?”

“मग काय करू? परत खडी फोडायला जाऊ व्हय?” तिने तो अर्धवट मिटणारा हात माझ्यासमोर धरला. “ह्यात हातोडी ऱ्हात न्हाय आता.”

“फिरून विकायला परवानगी आहे.”

“दिसभर डोक्यावर पाटी? ही मान हाय का देवळाचा खांब?”

त्या वाक्याने मी आराखड्याचा कागद काढला. खात्याचा नव्हे, स्वतःचा.

बाजारातल्या हातगाड्या उंच पुरुषांच्या मापाच्या असतात. चंद्रव्वा माझ्या खांद्याच्याही खाली. म्हणून मी गाडी बुटकी धरली. सायकलची दोन चाके, थांबल्यावर टेकायला एक पाय, आणि भाजीसाठी देवघरातल्या मांडणीसारखे पायऱ्यापायऱ्यांचे कप्पे. वर गोणपाटाचे छत. छताच्या कडेने भोके पाडलेली पत्र्याची नळी, तिच्यातून डब्यातले पाणी ठिबकत राहील आणि गोणपाट ओले राहील. सोलापूरच्या उन्हात अंबाडी दहा वाजता मान टाकते. हिची गाडी निदान दुपारपर्यंत हिरवी राहावी, असा हिशेब होता.

आमच्या भागातला सुतार संगप्पा याने मोडीत निघालेल्या एका हातमागाचे लाकूड या कामाला काढले. सांगाडा उभा राहिला तेव्हा चंद्रव्वाने त्याच्याभोवती एक फेरी मारली.

“बसायला कुटं?”

“यव्वा, गाडी ढकलायची असती. बसायची न्हाय,” संगप्पा म्हणाला.

“मग तू बी रोज उभ्यानं जेव की!”

संगप्पाने माझ्याकडे पाहिले. ढकलणाऱ्याच्या बाजूला दांड्या असल्याने मागे जागा नव्हती; म्हणून डाव्या अंगाला, चाकावरून बाहेर येणारी एक फळी मी आखली. त्या फळीवर ती बसून पाहत राहिली, जणू संगप्पाच्या कारखान्यातच भाजी विकायची होती. “आता झाली गाडी,” म्हणाली.

गाडी मुक्कामाला आमच्या अंगणात राहणार असे ठरले. त्यामुळे एस.टी.तून उतरल्याबरोबर भाजी गाडीत भरून सकाळीच विणकरांच्या गल्लीत जाणे तिला शक्य झाले. चौक गेला तरी गल्ली होती. आता तिचे पोट पूर्णपणे त्या गल्लीवर होते.

पहिल्या सकाळी मी कचेरीला जाता जाता तिच्यासोबत गेलो. आपला आराखडा चाकांवर चालताना पाहणे हा अनुभव मला नवा होता. पाणी ठिबकत होते, पाला चमकत होता. आम्ही गल्लीच्या तोंडाशी वळलो आणि आतून ओरडणे आले.

“अय्यो, आगु, आगु! चंद्रव्वा, थांब तितंच!”

ओरडणारी नरसव्वा होती, चंद्रव्वाची या गल्लीतली सर्वांत जुनी गिऱ्हाईक. हातात खळीचा ओला कुंचा. तिच्यामागे गल्लीभर ताणा पसरला होता. सकाळच्या गारव्यात विणकर उभे सूत बांबूंच्या घोड्यांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणतात, त्याला खळ देतात आणि ऊन चढून ते वाळले की गुंडाळून घरात नेतात. चंद्रव्वा आजवर तिथे नेहमी उन्हे कलल्यावरच गेली होती. तेव्हा गल्ली मोकळी असे. ही सकाळची गल्ली तिने कधी पाहिलीच नव्हती, आणि मीही नाही. ताण्याच्या एका अंगाला भिंतीलगत चिंचोळी वाट उरली होती. पाटीवाली बाई सहज गेली असती. गाडी जात नव्हती.

मागे मोठ्या रस्त्याच्या कोपऱ्यावर जमादार सायकल टेकवून उभा होता. थांबलेली गाडी म्हणजे बसलेले दुकान, हे त्याचे सूत्र आम्हांला माहीत होते.

मी माझ्या सवयीप्रमाणे बोललो. “ही सार्वजनिक गल्ली आहे. अशी अडवता येत नाही. मी आजच तक्रार...”

“गप बसा सायेब!” चंद्रव्वा म्हणाली. “त्यांच्या पोटावरनं माजी गाडी न्हेऊ काय?”

“करा की तक्रार,” नरसव्वा कुंचा न थांबवता म्हणाली. “पर आदी ताणा वाळू द्या. वला धागा तुटला तर साडी तुमाला नेसवीन.”

आजूबाजूच्या बाया हसल्या. चंद्रव्वा हसली नाही. ऊन गाडीच्या चाकापर्यंत आले होते. मी हातातल्या छत्रीने वाट मोजली, मग गाडी मोजली. अडत होती ती फक्त डाव्या अंगाची बैठक.

संगप्पाचा कारखाना कोपऱ्यावरच होता; मी त्याला हाक मारली. तो करवत घेऊन आला आणि चंद्रव्वाकडे पाहू लागला. बैठक ठेवायची की कापायची, हे तिलाच ठरवायचे होते. चंद्रव्वाने फळीवर हात ठेवला.

“खडी बी मी बसूनच फोडली,” ती हळू म्हणाली. मग हात काढून घेतला. “काप.”

करवत चालू असताना तिने तोंड फिरवले आणि जुड्यांवर पाणी शिंपडत राहिली. फळी सुटून संगप्पाच्या हातात आली. मी नळीचे तोंड चिंधीने बंद केले, कारण ताण्यावर एक थेंबही पडून चालणार नव्हता. नरसव्वा पुढे झाली; तळव्याने सुताची कड हलकेच आत धरून ती उलटी चालू लागली. “ये, ये, अजून ये,” म्हणत होती. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला वितीच्या अंतरावर धागे. संगप्पा मागून चाक सांभाळत होता. आराखड्यात माणसाचा श्वास किती जागा घेतो हे आम्हांला शिकवलेले नाही. मी माझा रोखून धरला.

धागा तुटला नाही.

नरसव्वाच्या दाराशी गाडी टेकली. चंद्रव्वाने अंबाडीची एक जुडी उचलली, पुढे केली, आणि तिचा हात मध्येच थांबला. ती उभी होती.

नरसव्वाने तिच्याकडे पाहिले. “उभी ऱ्हाऊन देनार? मी काय भीक मागायला आलीया?” तिने संगप्पाच्या काखेतली कापलेली फळी ओढून घेतली, उंबऱ्यालगत दोन विटांवर टाकली आणि पदराने पुसली. “बस. आता ही हितंच ऱ्हाईल.”

चंद्रव्वा बसली. जुडी उलगडली, पाणी झटकले आणि तिने भवानी केली. पुढच्या दारात कोणीतरी पाट आणून ठेवल्याचा आवाज आला, त्यापुढच्या दारातही.

जमादार गल्लीच्या तोंडाशी आला होता. “बसून विकायला बंदी आहे, बाई!”

“रस्त्यावर कोन बसलंय?” नरसव्वा म्हणाली. “माज्या दारात बसलीया. पाव्हणी हाय. तुमी बी या की, च्या टाकते. सायकल तेवढी तितंच ठेवा, ताणा हाय.”

जमादाराने ताणा पाहिला, आपली सायकल पाहिली, आणि कोपऱ्याकडे वळला.

मला त्या दिवशी कचेरीत उशीर झाला आणि तसा शेरा पडला. त्याविरुद्ध मी तक्रार केलेली आहे. गाडीविषयी मात्र मला काही म्हणायचे नाही. मी घरी ठेवलेल्या तिच्या आराखड्यातली बैठक खोडून टाकली आणि कारणाच्या जागी लिहिले: दारोदार उपलब्ध.